आधी हात पाहा, पक्षी नंतर: प्रबोधनकालीन माता-बालक चित्रं वाचताना

तुमचे प्रश्न तीन आहेत. राफाएल आणि लिओनार्दो या इटलीतल्या प्रबोधनकाळाच्या (रेनेसान्सच्या) चित्रकारांच्या माता-बालक, म्हणजे मरिया आणि बाळ येशू यांच्या, चित्रांना सगळे ‘त्रिकोणी रचना’ म्हणतात, तर तो त्रिकोण नेमकं काम काय करतो? बाळाच्या हातातला पक्षी, डाळिंब, गळ्यातलं पोवळं यांचे अर्थ कसे ओळखायचे? आणि इतकं गोड मूल मांडीवर असताना मरियेचा चेहरा उदास का? शेवटी तुम्ही लिहिलंय की वार्षिक परीक्षेसाठी याच विषयावर चित्र करताय आणि त्यात कुठलं प्रतीक घ्यावं ते ठरत नाही.

मी बरीच वर्षं चित्ररचना शिकवतो आहे. माझ्या मते हे तीन प्रश्न एकच आहेत. आपल्याकडे रचना एका तासाला शिकवली जाते आणि प्रतीकं दुसऱ्या तासाला. पहिल्या तासाला चित्रावर त्रिकोण आखायचा, दुसऱ्या तासाला तक्ता पाठ करायचा: डाळिंब म्हणजे पुनरुत्थान, द्राक्षं म्हणजे रक्त, पोवळं म्हणजे रक्षण. त्या चित्रकारांनी मात्र हे दोन भाग कधीच वेगळे केले नव्हते. पक्षी कोणाच्या हातात आहे, तो हात कोणाकडे जातोय, आई त्या हाताला अडवतेय की वाट करून देतेय, यातून अर्थ ठरतो. म्हणून हातांपासून सुरुवात करा. चेहऱ्यांकडे नंतर या, आणि वस्तूंकडे सगळ्यात शेवटी.

हे माझ्या मनचं नाही. त्या काळातल्याच एका माणसाने चित्र असंच वाचलेलं आहे. एप्रिल १५०१ मध्ये फ्रा पिएत्रो दा नोव्हेल्लारा या कार्मेलाइट पंथाच्या संन्याशाने फ्लोरेन्सहून मान्तुआच्या संस्थानिकाच्या पत्नीला, इझाबेल्ला देस्तेला, पत्र लिहिलं. लिओनार्दो सध्या काय करतोय, हे तिला जाणून घ्यायचं होतं. त्याने एका मोठ्या पूर्वरेखाटनाचं वर्णन केलं. वर्षभराचं बाळ आईच्या हातांतून जवळजवळ निसटून एका कोकराला धरू पाहतंय. आई मरिया आपल्या आईच्या, म्हणजे संत ॲनच्या मांडीवरून अर्धवट उठून बाळाला कोकरापासून दूर ओढतेय. आणि ॲन जराशी उठून आपल्या मुलीला मागे धरू पाहतेय. कोकरू म्हणजे येशूचं दुःखसहन, बलिदान, असं तो लिहितो. आणि ॲन म्हणजे बहुधा चर्च, ज्याला ते बलिदान थांबायला नको आहे.

हे पुन्हा वाचा. ‘कोकरू बरोबर बलिदान’ हे समीकरण त्याने एका वाक्यात संपवलं. बाकीचं सगळं वर्णन कोण कोणाला खेचतंय याचं आहे. आईला मूल वाचवायचंय, मुलाला स्वतःच्या मरणाला मिठी मारायचीय आणि आजीला माहीत आहे की हे होऊ द्यायला हवं. धर्मशास्त्रातला मोठा मुद्दा तीन शरीरांच्या ओढाताणीत बसवला आहे. ते रेखाटन आज उपलब्ध नाही, पण त्याच कल्पनेवरचं लिओनार्दोचं चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याने ते मरेपर्यंत, १५१९ पर्यंत स्वतःजवळ ठेवलं आणि पूर्ण केलं नाही. त्यात एक बदल आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो: ॲन आता मुलीला धरत नाही. तिचा एक हात कमरेवर आहे, ती नुसती खाली बघून हसतेय. अडवणूक गेली, स्वीकार आला. कोकरू तेच, पण हात बदलला आणि चित्राचा अर्थ वेगळा झाला. ॲनच्या डोक्यापासून मरिया, बाळ आणि कोकरापर्यंत डोळा एका उतारावरून खाली घसरतो आणि तिथून बाळाची मागे वळलेली नजर त्याला पुन्हा आईकडे पाठवते. त्रिकोण काय काम करतो याचं एक उत्तर इथे आहे: तो नजरेला चित्रातून बाहेर पडू देत नाही, आत फिरवत ठेवतो.

थोडं मागे जाऊ. फ्लोरेन्सच्या उफीझी संग्रहालयात एकाच दालनात चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो यांची सिंहासनावर बसलेल्या मरियेची तीन प्रचंड वेदीचित्रं (चर्चच्या वेदीसाठी केलेली चित्रं) आहेत. दुच्चोचं चित्र १२८५ साली करायला सांगितलं गेलं, जोत्तोचं साधारण १३१० च्या आसपासचं. पहिल्या दोघांत मरिया सोन्याच्या पार्श्वभूमीवर जणू तरंगते. जोत्तोची मरिया बसते. तिच्या गुडघ्यांना वजन आहे, कपड्याखाली छाती आहे. बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती चित्रांच्या, परंपरेतली आई मुलाकडे हात करून ‘हा पाहा’ असं दाखवते किंवा त्याच्या गालाला गाल लावते. प्रबोधनकाळाने या मुद्रा टाकून दिल्या नाहीत. त्यांना वजन, सावली आणि जागा दिली. त्यामुळे प्रश्न बदलला: स्वर्गातल्या राणीला खरं शरीर द्यायचं, खऱ्या खोलीत किंवा कुरणात बसवायचं, आणि तरी ती शेजारची बाई वाटू नये, हे कसं साधायचं? सोनेरी आकाश गेल्यावर पावित्र्य कुठे ठेवायचं? ते रचनेत ठेवलं गेलं.

मासाच्चोचं १४२६ चं चित्र याचा सगळ्यात धारदार नमुना आहे. पिसा शहरातल्या कार्मेलाइट चर्चसाठी त्याने केलेल्या अनेक फळ्यांच्या वेदीचित्राचा हा मधला भाग आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मरिया दगडी सिंहासनावर बसली आहे, प्रकाश डावीकडून येतो आणि सिंहासनावर तिची खरी सावली पडते. पायाशी दोन देवदूत ल्यूट हे तंतुवाद्य वाजवताहेत. एका ल्यूटची दांडी जवळजवळ थेट आपल्या अंगावर येते, इतका पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याचा, अभ्यास. बाळाचं प्रभावलयसुद्धा तिरकं, लंबगोल काढलंय, डोक्यावर ठेवलेल्या तबकडीसारखं. बाळ आईच्या हातातली द्राक्षं खातंय आणि बोटं तोंडात घातली आहेत. कुठलंही वर्षभराचं मूल असंच करतं.

द्राक्षं म्हणजे मिस्साबलीतला (चर्चमधल्या मुख्य उपासनाविधीतला) द्राक्षारस, म्हणजे रक्त, हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण चित्र त्याच्या मूळ जागी कल्पून पाहा. या फळीच्या बरोबर वर मासाच्चोने क्रूसावरच्या येशूचं चित्र ठेवलं होतं; ते आता नेपल्सच्या कापोदीमोन्ते संग्रहालयात आहे. खाली ज्या तोंडात द्राक्ष जातंय तेच मूल वर मोठं होऊन क्रूसावर टांगलेलं. मधोमध एक उभी रेघ आणि त्या रेघेवर तेहतीस वर्षांचं आयुष्य. शिवाय मरियेच्या आसनाखालच्या पायरीवर लाटांसारखी नक्षी कोरलेली आहे, ती प्राचीन रोमन दगडी शवपेट्यांवर असते तशी; पिसात अशा शवपेट्या लोकांच्या रोजच्या बघण्यातल्या होत्या. म्हणजे आई आणि बाळ थडग्याच्या नक्षीवर बसले आहेत. यातली कुठलीही गोष्ट ओरडून सांगितलेली नाही. फळ्या सुट्या होऊन वेगवेगळ्या देशांत गेल्यामुळे आज संग्रहालयात उभं राहून अर्धा अर्थ हरवतो. म्हणून कुठलंही वेदीचित्र वाचताना आधी विचारा: याच्या वर काय होतं, खाली काय होतं, समोर कोण गुडघे टेकत होतं?

आता राफाएल. ‘गोल्डफिंचसह माता’ हे चित्र त्याने १५०५-०६ च्या सुमारास फ्लोरेन्समधल्या लोरेन्झो नासी या व्यापाऱ्याच्या लग्नानिमित्त केलं. तेव्हा राफाएल बावीस-तेवीस वर्षांचा होता आणि लिओनार्दोचं काम डोळ्यांनी अक्षरशः पिऊन घेत होता. मरिया खडकावर बसली आहे, डाव्या हातात पुस्तक. तिच्या गुडघ्यांच्या मध्ये बाळ येशू उभा. त्याच्या समोर बाळ योहान, म्हणजे पुढे मोठेपणी बाप्तिस्मा देणारा योहान, ओंजळीत गोल्डफिंच हा लहानसा पक्षी धरून तो येशूला दाखवतोय. येशू हात लांब करून पक्ष्याच्या डोक्यावरून तो फिरवतोय.

लोककथा अशी की क्रूस वाहून नेणाऱ्या येशूच्या कपाळातला काटा या पक्ष्याने उपटला आणि रक्ताचा थेंब उडून त्याच्या चेहऱ्यावर कायमचा तांबडा डाग राहिला. म्हणजे पक्षी येतोय तो भविष्यातून. आता हात पाहा. मरियेचा उजवा हात योहानच्या पाठीमागे आहे; ती त्याला दूर लोटत नाही, जवळ घेते. हा मुलगा माझ्या बाळासाठी मरणाची बातमी घेऊन आलाय, आणि मी त्याला कवेत घेतेय. तिची नजर पुस्तकातून उठून योहानवर स्थिरावली आहे, म्हणजे ती आत्ताच काहीतरी वाचत होती. आणि खाली पाय पाहा: येशूने आपलं पाऊल आईच्या पावलावर ठेवलंय. चित्रातली मला सगळ्यात हळवी वाटणारी जागा ती आहे. वरचा हात मृत्यूकडे गेलाय आणि खालचं पाऊल आईला सोडत नाही.

आता त्रिकोणाबद्दल तुमचा प्रश्न पुन्हा घ्या. मरियेचं डोकं वर, दोन मुलं खाली, निळ्या झग्याची कड दोन्ही बाजूंनी उतरते. ही बंद, स्थिर आकृती असते. ती नसती तर पक्ष्याचा प्रसंग नाट्यमय झाला असता, आईने ‘नको’ म्हणून हात पुढे केला असता. त्रिकोणामुळे दुःख शांत राहतं. मागे नदी, पूल, बारीक झाडं आणि धुकट डोंगर आहेत. आडव्या रेषांमुळे सगळं स्थिर. राफाएलच्याच व्हिएन्नातल्या ‘कुरणातली माता’ या चित्रात हेच सूत्र आणखी कठोर आहे. तिथे पक्ष्याऐवजी काडीसारखा बारीक क्रूस आहे, तो दोन मुलांच्या हातात आहे आणि आई दोन्ही हातांनी येशूला सावरतेय. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. प्रतीक बदललं, आईचे हात बदलले. व्हिएन्नात ती मुलाला धरते, फ्लोरेन्समध्ये येणाऱ्याला जवळ करते. हा फरक तक्त्यात कुठेच सापडत नाही.

(१५४७ मध्ये नासींचं घर डोंगर खचून कोसळलं आणि या चित्राचे सतरा तुकडे झाले. ते ढिगाऱ्यातून गोळा करून पुन्हा जोडले गेले. अनेक वर्षं चाललेलं अलीकडचं जतनकाम २००८ मध्ये संपलं आणि साचलेल्या पिवळ्या-तपकिरी थरांखालून त्याचे रंग परत आले. जुन्या पुस्तकांतली छापील प्रत वापरत असाल तर ती बाजूला ठेवा. ते चित्र तसं नाही.)

प्रतीकं ओळखण्याबद्दल. एक गोष्ट आधी मनात पक्की करा: ज्या वस्तूंना आपण आज कूट चिन्हं समजतो, त्या त्या घरांत खरोखरच होत्या. फ्लोरेन्समधला धर्मोपदेशक जोव्हान्नी दोमिनिची याने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला पालकांसाठी लिहिलं की घरात मुलांच्या दृष्टीस पडतील अशी पवित्र चित्रं ठेवा, आणि उदाहरण दिलं ते मुठीत पक्षी किंवा डाळिंब धरलेल्या बाळ येशूचं. कारण सरळ आहे: मुलाला त्यात आपल्यासारखंच मूल दिसेल आणि ते त्याच्याकडे ओढलं जाईल. तिथली मुलं लहान पक्षी घेऊन खेळतच. पोवळ्याचंही तसंच. इटलीत तान्ह्या मुलाच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून पोवळं घालत. आपण बाळाच्या मनगटात काळे मणी बांधतो त्यामागचीच भावना. मग चित्रकार तेच पोवळं येशूच्या गळ्यात घालतो. त्याचा रक्तासारखा रंग बघणाऱ्याला आपोआप पुढचं सुचवतो. घरगुती अर्थ पुसला जात नाही, त्याच्या पाठीमागे दुसरा उभा राहतो. चांगलं प्रतीक असंच असतं: आधी वस्तू म्हणून खरं.

सगळेच चित्रकार इतके हळुवार नव्हते. कार्लो क्रिव्हेल्लीचं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं लहानसं चित्र पाहा, १४८० च्या सुमाराचं. वर सफरचंदं आणि काकडी टांगलेली, बाळाच्या हातात गोल्डफिंच आणि खाली कठड्यावर एक माशी, इतकी खरी की हाकलायला हात उठावा. सफरचंद आणि माशी पापाच्या बाजूला, काकडी आणि पक्षी मुक्तीच्या बाजूला. हे जवळजवळ लिहिल्यासारखं आहे. मला क्रिव्हेल्ली आवडतो, पण त्याची वस्तू रंगवण्याची कसब बघण्यासाठी. प्रतीकं रचनेत कशी मुरवायची ते शिकायचं असेल तर जोव्हान्नी बेल्लिनी या चित्रकाराकडे जा.

त्याआधी पिएरो देल्ला फ्रांचेस्का, कारण त्याच्याइतका रचनेवर विश्वास ठेवणारा चित्रकार दुसरा नाही. मिलानच्या ब्रेरा संग्रहालयातलं त्याचं वेदीचित्र १४७० च्या दशकातलं आहे. मरिया हात जोडून बसली आहे, मांडीवर नग्न बाळ गाढ झोपलेलं, गळ्यात पोवळं. भोवती संत. उजवीकडे उर्बिनोचा सरदार फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो चिलखत घालून गुडघे टेकून आहे. आणि वर शिंपल्याच्या आकाराच्या घुमटातून दोरीला एक अंडं लोंबतंय, बरोबर मरियेच्या डोक्यावर.

अंड्याबद्दल विद्वानांनी खूप लिहिलंय. कोणी म्हणतं कौमार्यातून जन्म, कोणी नवा जन्म, कोणी मोन्तेफेल्त्रो घराण्याशी जोडतं. शहामृगाची अंडी चर्चमध्ये टांगत हेही खरं आहे. मी विद्यार्थ्यांना वेगळं काम देतो: ते अंडं मरियेपासून किती लांब आहे ते काढा. खांबांच्या आणि कमानींच्या रेषा मागे नेत गेलं की लक्षात येतं, मरिया आणि संत घुमटाच्या खूप पुढे आहेत, आणि अंडं आत, कितीतरी मागे टांगलेलं आहे. डोळ्यांना ते डोक्यावर दिसतं. हिशोबाने ते दूर आहे. सपाट पृष्ठावर जे एका रेषेत आहे ते खोलीत एकत्र नाही. ज्याने पर्स्पेक्टिव्हवर ग्रंथ लिहिला त्याने ही गोष्ट न कळत केलेली नाही. जवळ आणि दूर एकाच वेळी असणं हे त्याने भूमितीने दाखवलं. शिवाय फेदेरिकोच्या समोरची जागा पाहा. देणगीदार पती-पत्नी असतील तर ते वेदीचित्रात समोरासमोर बसतात. त्याची पत्नी बात्तिस्ता १४७२ साली मुलगा झाल्यानंतर काही महिन्यांत वारली. तिची जागा रिकामी आहे. त्या रिकाम्या फरशीपुढे झोपलेल्या मुलाकडे पाहणारी आई. हा अर्थ काढायला कुठलंही चिन्ह लागत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आईचा चेहरा. लूकच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात म्हातारा शिमोन मंदिरात बाळाला हातात घेतो आणि मरियेला सांगतो की तुझ्याही जिवातून तरवार आरपार जाईल. म्हणजे आईला आधीच कळलेलं आहे. प्रत्येक माता-बालक चित्र या जाणिवेनंतरचं आहे. जोव्हान्नी बेल्लिनीचं लंडनमधलं ‘कुरणातली माता’ (साधारण १५०० नंतरचं, राफाएलच्या त्याच नावाच्या चित्रापेक्षा वेगळं) बघा. मरिया थेट जमिनीवर बसली आहे, हात जोडून. बाळ मांडीवर झोपलंय, पण ज्या तऱ्हेने झोपलंय ते पाहून पोटात खड्डा पडतो: अंग सैल, डोकं मागे पडलेलं. मेलेल्या येशूला मांडीवर घेतलेल्या मरियेची, म्हणजे पिएताची, हीच ठेवण असते. बेल्लिनीने झोपेच्या मुद्रेत मरणाची मुद्रा ठेवली. मागे नांगरटीची शेतं, गुरं, वसंताच्या सुरुवातीचा पातळ उजेड. डावीकडे एक पांढरा पक्षी सापाशी झुंजतोय, निष्पर्ण झाडावर काळा पक्षी बसलाय. हे दोन्ही इतके लहान आहेत की पहिल्यांदा दिसतच नाहीत. दिसले नाहीत तरी काही बिघडत नाही, कारण सगळं त्या सैल पडलेल्या अंगात आलंय.

आणि हात? आईने मुलाला धरलेलंच नाही. हात जोडलेले आहेत. मुलाला सांभाळणाऱ्या बाईने हात सोडून प्रार्थनेला जोडले तर मूल कशाच्या आधारावर राहील? नुसत्या मांडीच्या. हे मी कित्येकदा पाहिलंय आणि दर वेळी तिथेच थांबतो. पिएरोकडेही तसंच: झोपलेलं बाळ, जोडलेले हात. सांभाळणं आणि पूजा करणं ही दोन कामं एकाच दोन हातांनी करता येत नाहीत. चित्रकाराला यातलं एक निवडावं लागतं, आणि तिथे त्याचं सगळं मत कळतं.

लिओनार्दोने हेच कोडं ‘खडकांमधली माता’ या चित्रात वेगळ्या रीतीने सोडवलं. मिलानच्या एका धर्मबंधुसंघाने एप्रिल १४८३ मध्ये त्याच्याशी करार केला. याच्या दोन आवृत्त्या आहेत, एक लूव्रमध्ये, एक लंडनमध्ये. लूव्रच्या आवृत्तीत मरियेचा डावा पंजा हवेत, बाळ येशूच्या डोक्यावर पसरलेला आहे, संरक्षण करतो तसा. त्या पंजाच्या आणि डोक्याच्या मधल्या जागेत देवदूताचं योहानकडे दाखवणारं बोट आडवं घुसलंय. खाली बाळाचा हात आशीर्वादासाठी उठलेला. एकाखाली एक तीन हात. आईचा पंजा मुलाला स्पर्श करू शकत नाही, कारण मध्ये दैवी इशारा आहे. लंडनच्या आवृत्तीत तो दाखवणारा हात काढून टाकलाय. चित्र शांत झालं, आणि माझ्या मते दुबळंही. तुम्ही दोन्ही प्रतिमा पडद्यावर शेजारी लावून ही एकच गोष्ट पाहिलीत तरी महिन्याभराचा अभ्यास होईल. २००५ मध्ये नॅशनल गॅलरीने अवरक्त किरणांनी लंडनच्या फळीखाली एक पूर्ण वेगळं रेखाटन शोधलं, त्यात मरिया वेगळ्या ठेवणीत गुडघे टेकून आहे. हात कुठे ठेवायचे यावर त्याचीही झटापट चालली होती.

रंगांबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नका. मरियेचा निळा झगा हे भक्तीचं चिन्ह आहे आणि हिशेबाच्या वहीतलं कलमही. तो निळा अफगाणिस्तानच्या बदख्शानमधल्या लाजवर्द दगडापासून बनायचा. दगड कुटून, राळ-मेणाच्या गोळ्यात मिसळून, राखेच्या पाण्यात मळून मळून निळं बाहेर काढायचं. चेन्नीनो चेन्नीनीने १४०० च्या आसपास ही कृती लिहून ठेवली आहे. १४८५ साली गिरलांदायोने फ्लोरेन्सच्या अनाथालयासाठी, ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्तीसाठी, पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांनी बाळाला वंदन करण्याचं चित्र करायचा करार केला. त्यात स्पष्ट लिहिलंय की निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन (फ्लोरेन्सची सोन्याची नाणी) किमतीचा असावा. पूर्ण चित्राचा मोबदला ११५ फ्लोरिन. यावरून अंदाज करा. रचनेच्या दृष्टीने या निळ्याचा मोठा उपयोग असा की तो एकसंध मोठा आकार देतो. डोळे बारीक करून चित्र बघा: मरियेचा झगा हाच त्रिकोण असतो, आणि बाळाचं उघडं, उजळ अंग त्यावर सगळ्यात तेजस्वी ठिपका. मात्र अनेक चित्रांत तो निळा काळपटलाय, आणि जुन्या टेंपरा (अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांच्या) चित्रांत गालांवरचा गुलाबी रंग झिजून खालचा हिरवा अस्तर दिसतो. तो शोकाचा रंग नव्हे. काळाने केलेलं आणि चित्रकाराने केलेलं यात गल्लत करू नका.

बाळ नागडं का, हेही अनेक जण विचारतात. देव खरोखर माणसाचं शरीर घेऊन आला हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे, आणि उघडं शरीर ही त्याची साक्ष. जुन्या चित्रांतलं गुंडाळलेलं, छोट्या तत्त्वज्ञासारखं मूल पंधराव्या शतकात हळूहळू कपडे टाकतं.

गोल चौकटीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण परीक्षेत कोणीतरी ती निवडतंच. वर्तुळाला खाली-वर नसतं. आतली आकृती गडगडेल अशी भीती सतत असते. राफाएलच्या फ्लोरेन्समधल्या ‘खुर्चीतली माता’ या चित्रात, व्यास ७१ सेंटिमीटर, आई बाळाभोवती वाकून वर्तुळाचीच वक्रता घेते आणि सगळं गोल फिरू लागतं. त्याला आवर घालते ती डावीकडची खुर्चीची कातलेली उभी दांडी. बोटाने ती दांडी झाकून पाहा, चित्र सरकायला लागेल. मायकेलअँजेलोने दोनी कुटुंबासाठी केलेल्या गोल चित्रात उलट मार्ग घेतला: शरीरं पिळून, बाळ खांद्यावरून मागे-पुढे देऊन, वर्तुळाशी झगडा केला. मला त्यातलं सामर्थ्य दिसतं, माया दिसत नाही.

इंटरनेटवर या चित्रांवर सोनेरी गुणोत्तराच्या नागमोडी रेषा आखलेल्या सापडतात. त्यांच्या मागे लागू नका. कुठल्याही चित्रावर पुरेशा रेषा आखल्या की काही ना काही जुळतंच. या कारागिरांकडे पट्टी, कंपास, दोरा आणि टाचणीने टोचलेल्या कागदातून कोळशाची पूड उतरवायची पद्धत होती. त्यांची मोजमापं साधी असत: मधली उभी रेघ, अर्धे, तृतीयांश, कर्ण. तेवढं शोधा.

मूळ इटालियन चित्रं बघायला बाहेर जावं लागेल, पण ही प्रतिमा आपल्या किनाऱ्यावर त्याच शतकात पोचली होती. १५८० मध्ये गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी गेलेल्या जेझुइट धर्मगुरूंनी रोममधल्या सांता मारिया माज्जोरेतल्या प्रसिद्ध मातेची प्रत बरोबर नेली होती. ओल्ड गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात जा. स्थानिक कारागिरांनी युरोपीय नमुना कसा घेतला आणि बदलला ते दिसेल. आणि आँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) पाहा. हा गोव्याचा चित्रकार बंगालच्या परंपरेत शिकला, पुण्यात राहिला आणि तिथेच वारला. त्याने मरियेला साडी नेसवली. काही लोकांना तेव्हा ते रुचलं नाही. तुमच्या चित्रासाठी तो राफाएलपेक्षा जवळचा गुरू ठरू शकतो.

तुमच्या कामाबद्दल माझा सल्ला असा. प्रतीक आत्ता ठरवू नका. चार चित्रं घ्या: मासाच्चोचं १४२६ चं, बेल्लिनीचं कुरण, लूव्रमधली ‘खडकांमधली माता’ आणि राफाएलचा गोल्डफिंच. चारही चित्रांतले फक्त हात आणि पावलं पेन्सिलने काढा, चेहरे नाहीत, कपडे नाहीत, पार्श्वभूमी नाही. प्रत्येक हातापासून तो जिथे पोचतो किंवा पोचू शकत नाही तिथपर्यंत एक रेघ. मग घरातल्या, ओळखीतल्या आई-बाळांना पाहून तसेच हात काढा: दूध पाजताना, नखं कापताना, औषध देताना, झोपलेल्याला खाली ठेवताना. औषध देताना एक हात धरतो आणि दुसरा जबरदस्ती करतो. त्या दोन हातांत बेल्लिनीचं कोडं पूर्ण आहे. एक रेखाटन असं सापडेल की ज्यात आईचे हात दोन विरुद्ध गोष्टी करू पाहताहेत. तेच घ्या. त्या दोन हातांमधल्या रिकाम्या जागेत काय ठेवायचं हे ठरवताना मला रेखाटनं पाठवा, मी पाहून लिहीन.